हायड्रोजनची मोजदाद

१९२० साली मेघनाद साहांनी ताऱ्यांवरच्या तप्त वायूतले अणू कधी इलेक्ट्रॉन गमावतात, याचं सूत्र मांडलं. विरळ वायूला ते नेमकं लागू पडतं. पण सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंशांच्या घरात आणि घनता पाण्याच्या सुमारे दीडशे पट. तिथे कण एकमेकांना खेटलेले, प्रत्येकाची ओढाताण बाकीच्या साऱ्यांशी. या गर्दीपुढे साहांचं सूत्र अपुरं पडतं; तिचा हिशेब करायला संगणकच हवा.

१९५५ साली जिनिव्हातल्या अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून होमी भाभांनी भाकीत केलं, की सूर्यातल्यासारखी अणुसंमीलनाची ऊर्जा वीसेक वर्षांत माणसाच्या काबूत येईल. ते खरं ठरलं नाही. मात्र त्यांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मुंबईत, आर. नरसिंहन यांच्या चमूनं देशी संगणक घडवला. १९६० साली पूर्ण झालेल्या या ‘टिफ्रॅक’च्या स्मृतीत खण होते २०४८.

एवढ्यात काय मावेल? १९६६ साली ब्रश, साहलिन आणि टेलर या तिघांनी अमेरिकेत दाट प्लाझ्माचं, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटलेल्या वायूचं, गणित केलं, ते ३२ ते ५०० कणांवर. इलेक्ट्रॉनांचा त्यांनी सरसकट एकसारखा लेप मानला. एक कण जरासा हलवायचा, ऊर्जा किती बदलली ते पाहायचं, मग नशिबाच्या आकड्यानं ती हालचाल ठेवायची की मोडायची ते ठरवायचं. हे लाखो वेळा. ५०० कणांची जागा सांगायलाच १५०० आकडे लागतात. म्हणजे टिफ्रॅकमध्ये उरले असते जेमतेम साडेपाचशे खण, आणि ५०० कणांच्या जोड्या होतात १,२४,७५०!

खरी अडचण इलेक्ट्रॉनांची. क्वांटम नियमांत प्रत्येक कण ठिपका न राहता धाग्याचं वेटोळं होतो, आणि दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल झाली की बेरजेत उणे चिन्ह शिरतं. अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात, उत्तर गोंगाटात बुडतं. पिएर्लिओनी, सेपर्ली आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली तप्त हायड्रोजनसाठी त्यातून वाट काढली, तीही इलेक्ट्रॉनांच्या वाटांवर अंदाजाचं कुंपण घालून.

त्याआधी तीन वर्षं, १९९१ साली, पुण्यात विजय भटकरांच्या नेतृत्वाखालच्या सी-डॅक या संस्थेनं ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला होता. एकाच बलाढ्य प्रोसेसरऐवजी त्यात अनेक छोटे ट्रान्सप्युटर जोडून कामाला लावले होते. प्लाझ्माच्या या नशिबावर चालणाऱ्या आकडेमोडीला ही रचना फार मानवते: प्रत्येकानं आपापले कण स्वतंत्र हलवत राहायचं, सरासरी तेवढी शेवटी एकत्र काढायची.