घशातून रक्ताकडे

दिल्लीत दिवाळी सरली की धूर आणि धुके एकमेकांत मिसळतात व घराघरांतून खोकल्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, हळद घातलेले दूध होते आणि आठवडाभरात घसा मोकळा होतो. घसादुखी हे काही दुखणे नव्हे अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती बहुतेक प्रसंगी खरीही ठरते. कारण बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि आपोआपच बरी होते. परंतु घशातील गलग्रंथी आणि डोक्याकडून हृदयाकडे रक्त नेणारी मानेतील मोठी शीर यांच्यातील अंतर फार थोडे आहे. त्या अंतरात एका विलक्षण रोगाचा इतिहास दडलेला आहे.

हा रोग पॅरिसचे वैद्य आंद्रे लेमिएर यांच्या नावाने ओळखला जातो. क्लोद बेर्नार हे पॅरिसमधील साथीच्या रोगांचे रुग्णालय त्यांचे कार्यक्षेत्र होते. १९३६ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या साप्ताहिकात त्यांनी वीस रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांपैकी अठरा जण दगावले होते. लेमिएर यांच्यापूर्वीही फ्रान्समध्ये कूरमों व काद यांनी १९०० साली आणि जर्मनीत शॉटम्युलर यांनी १९१८ साली अशा रुग्णांची नोंद केली होती. पण रोगाचे संपूर्ण चित्र रेखाटण्याचे श्रेय लेमिएर यांच्याकडेच जाते.

ते चित्र मोठे करुण आहे. रोगी बहुधा ऐन विशीच्या आसपासचा, धडधाकट. त्याचा घसा दुखतो, थोडा उतारही पडतो आणि सर्वांना हायसे वाटते. मग एकाएकी हुडहुडी भरून ताप चढतो. मान एकाच बाजूला दुखू लागते, जबड्याच्या कोनाखाली सूज दिसते. पुढे छातीत कळा येतात, दम लागतो, क्वचित सांधेही सुजतात. तोपर्यंत घसा जवळजवळ बरा झालेला असल्यामुळे या सर्वांचे मूळ तेथे असेल अशी शंकाही कोणास येत नाही. ज्याने हे चित्र ध्यानात ठेवले आहे त्याला मात्र रोग्याच्या खाटेपाशी बसूनच निदान करता येते, असा लेमिएर यांचा दावा होता.

या अनर्थाचे कारण म्हणजे फ्युझोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा जंतू. प्राणवायूत तो तग धरू शकत नाही. घशाच्या आतील सुजलेल्या, रक्तपुरवठा मंदावलेल्या जागेत त्याला आयते घर मिळते. तेथून तो मानेतील शिरेपर्यंत पोहोचतो. शिरेत रक्ताची गुठळी धरते व तिच्यात जंतू वाढतात. गुठळीचे तुकडे रक्तप्रवाहाबरोबर हृदयात आणि तेथून फुप्फुसांत जाऊन जागोजागी गळवे उत्पन्न करतात. प्रतिजैविके नव्हती त्या काळी शल्यवैद्य ती शीरच बांधून टाकीत. दुसरा मार्ग नव्हता.

पेनिसिलिन आले आणि हे सारे पालटले. महाराष्ट्रात पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. ज्या वर्षी पिंपरीचा कारखाना स्थापन झाला, त्याच वर्षी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एस. पद्मावती यांनी हृदयरोगांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. तेथे त्यांना घशाच्या दुखण्याचे दुसरे रूप दिसले. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे मुलांचा घसा दुखतो. त्यातून काहींना संधिज्वर होतो आणि काही वर्षांनी कोवळ्या वयातच हृदयाच्या झडपा आकसतात. येथे जंतू स्वतः हृदयापर्यंत जात नाहीत. जंतूंशी लढणारी शरीराची शक्तीच चुकून आपल्या हृदयावर उलटते. एकदा संधिज्वर झालेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे टोचून घ्यावी लागते. गरीब घरातील आईने मजुरी बुडवून त्यासाठी रुग्णालयाच्या किती खेपा घालाव्यात! पद्मावती यांनी या रोगाच्या अभ्यासात व निवारणात दीर्घकाळ लक्ष घातले. २०२० साली, १०३ वर्षांच्या वयात, करोनाच्या साथीत दिल्लीत त्यांचे निधन झाले.

घशासाठी पेनिसिलिन सर्रास दिले जाऊ लागल्यावर लेमिएर यांचा रोग इतका दुर्मिळ झाला की पाश्चात्त्य वैद्यकात त्याला 'विसरलेला रोग' असे नाव पडले. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो पुन्हा दिसू लागला. डेन्मार्कमध्ये १९९८ ते २००१ या काळात दर दहा लाख लोकांमागे वर्षाला तीन-चार रुग्ण आढळले. साध्या घसादुखीला प्रतिजैविके देण्याचे प्रमाण कमी झाले, हेच त्याचे कारण असावे, असे काही तज्ज्ञ मानतात.

पण म्हणून प्रत्येक घशाला गोळी द्यावी काय? या प्रश्नाचे उत्तर दिल्लीला तरी सोपे नाही. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात २००८ साली असे जंतू सापडले की अत्यंत प्रभावी प्रतिजैविकेही त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरत होती. ही शक्ती देणाऱ्या विकराला संशोधकांनी नवी दिल्लीचे नाव दिले, आणि त्यावरून येथे बरीच नाराजी उमटली. नावाचा वाद बाजूला ठेवला तरी मूळ दुखणे खरेच होते. २०१४ पासून निवडक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांवर बंधनकारक झाले.

तेव्हा हजारो घशांतून तो एक घसा ओळखणे एवढाच मार्ग उरतो. हुडहुडी भरणे आणि मान एकाच बाजूला दुखणे या दोन खुणा लेमिएर यांच्या काळी होत्या तशाच आजही आहेत. आता ध्वनिलहरींच्या किंवा सीटी स्कॅनच्या साहाय्याने शिरेतील गुठळी प्रत्यक्ष दिसते, आणि वेळीच योग्य औषधे काही आठवडे दिली तर बहुतेक रोगी वाचतात. रक्तातील हा जंतू प्रयोगशाळेत वाढून दिसण्यास मात्र अनेक दिवस लागतात. म्हणून वैद्याला अहवालाची वाट न पाहता संशयावरूनच उपचार सुरू करावे लागतात.