आसाचा आवाज

शिरोळहून नृसिंहवाडीच्या रस्त्याला लागलो तेव्हा गाडी मी चालवत होतो आणि मेस्त्री मागच्या सीटवर आडवे होऊन, सीटला कान लावून ऐकत होते. गाडी जुनी प्रीमियर पद्मिनी. चाळीसच्या पुढे गेली की मागून भुंगा घुमल्यासारखा आवाज यायचा.

“पन्नासवर न्या. आता पाय काढा. आता परत दाबा.”

पाय काढला की आवाज बसायचा, दाबला की चढायचा. मेस्त्री उठून बसले. “चाकाचं बेअरिंग न्हवं हे. चाकाच्या बेअरिंगला तुमच्या पायाशी काय देणंघेणं नसतंय.”

मागच्या आसाचं निम्मं निदान या वाक्यात आहे. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर ते वेगाप्रमाणे घरघरतं, इंजिन ओढत असो वा नसो. गाडी हलकेच डावी-उजवीकडे वळवली की भार बाहेरच्या चाकावर जातो आणि घरघर वाढते किंवा कमी होते. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. पायाबरोबर चढउतार करणारा आवाज मात्र मधल्या गोळ्यातला, म्हणजे डिफरन्शियलमधला. तिथे पिनियन हे छोटं दातेरी चाक क्राऊन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं आणि क्राऊन गाडीच्या चाकांना. पिनियन चाकाच्या सुमारे चौपट वेगाने फिरतो, म्हणून त्याचा आवाजही बारीक.

ही कान लावून ऐकायची रीत मोटारीबरोबर आली असं मला वाटायचं. ती फार जुनी आहे.

पृथ्वी ज्याभोवती फिरते तो आस आपण शाळेच्या भूगोलात शिकलो. गाडीचा आसही तोच शब्द, संस्कृत अक्षापासून आलेला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 164व्या सूक्तात पाच आऱ्यांच्या चाकाचं वर्णन आहे. एवढा भार वाहूनही त्याचा आस तापत नाही, असं तिथे कौतुकाने म्हटलं आहे. ते वाचताना मला गॅरेजच आठवतं. गाडी दहा-बारा किलोमीटर पळवून आणल्यावर मेस्त्री प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात नेतात. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर त्या बाजूचं बेअरिंग तरी गेलेलं असतं, नाहीतर ब्रेक धरून बसलेला असतो. आस तापणं हे दुखण्याचं लक्षण आहे हे त्या सूक्तकर्त्याला ठाऊक होतं, म्हणून तर न तापणारा आस त्याला नवलाचा वाटला. शतपथ ब्राह्मणात गाडीचा आस कुरकुरला तर तो असुरांचा आवाज मानून मंत्राने शांत करायला सांगितलं आहे, आणि यज्ञातल्या हविर्धान नावाच्या गाड्यांच्या आसाला यजमानाच्या पत्नीने तूप लावायचं असतं. आवाज ऐकायचा आणि वंगण द्यायचं, ही जोडी तिथेच दिसते.

शिरोळ तालुक्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बैलगाड्यांच्या रांगा आजही दिसतात. आता त्या रबरी टायरच्या, आसाला बेअरिंग असलेल्या. त्या कुठल्याही कंपनीच्या टायरवर चालत असल्या तरी लोक त्यांना ‘डनलॉप’ म्हणत आले. त्याआधीची गाडी लाकडी: चाकाच्या मध्यभागी तुंबा, त्यात बसवलेले आरे, वर लोखंडी धाव, तुंब्यातून जाणारा कणा म्हणजे आस आणि चाक निसटू नये म्हणून खीळ. या चाकाला कण्यावर थोडं आत-बाहेर सरकायला जागा ठेवावीच लागे. घट्ट बसवलं तर ते तापणार, जास्त ढिलं ठेवलं तर डगमगून तुंबा खाणार. किती ढिलं चांगलं, हे गाडी बांधणाऱ्या सुताराच्या हाताला कळत असे.

त्यालाही मेस्त्री म्हणत, आणि मोटार दुरुस्त करणाऱ्यालाही मेस्त्रीच म्हणतात. शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आलेला, अर्थ उस्ताद. काम बदललं तरी मान तोच राहिला, हे मला फार आवडतं.

मोटारीच्या आसाचं माहेरही घोडागाडीच आहे. 1794 साली वेल्समधल्या फिलिप वॉन यांनी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, ते गाडीच्या आसासाठी. 1898 साली निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेणारे हेन्री टिमकेन अमेरिकेत घोडागाड्याच बनवत. बैलगाडीला मात्र एक प्रश्न कधी पडला नव्हता. तिची दोन्ही चाकं आपापली फिरतात, त्यामुळे वळणावर बाहेरचं चाक जास्त धावलं तरी बिघडत नाही. इंजिनाने दोन्ही चाकं एकत्र फिरवायची म्हटल्यावर अडचण आली. पॅरिसच्या ओनेसिफोर पेक्युर या घड्याळजीने 1827-28च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी त्यावर दातेरी चक्रांचा तोडगा काढला. तोच डिफरन्शियल. म्हणूनच एक चाक जॅकवर उचलून इंजिनने फिरवलं की ते नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरतं, आणि खाली टेकलेलं चाक सरकलं तर गाडी जॅकवरून उडते. आवाज ऐकण्यासाठी चाक इंजिनने फिरवायची परीक्षा कुणीही तशी करू नये. दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड लावूनच करावी.

हा मागचा आस आपल्याकडे घराघरात पोचला तो अँबेसिडर आणि फियाटमुळे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट पुढे पद्मिनी झाली. इंजिन पुढे, मधून लांब शाफ्ट आणि मागे स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेला अखंड आस. 1983 साली पुढच्या चाकांना ओढ देणारी मारुती 800 आली आणि मोटारींतून ही रचना हळूहळू गेली. जीप आणि पिकअपमध्ये ती टिकली, म्हणून ही विद्याही गॅरेजात टिकली.

आवाजानंतर तपासायचा ‘प्ले’, म्हणजे ढिलाई. मेस्त्रींनी गाडी स्टँडवर चढवली, चाक वर-खाली धरून हलवलं, मग आत-बाहेर ओढलं. दोन्हीकडे ठीक. मग गिअर टाकून, एक चाक खाली टेकवून, दुसरं हाताने हळूहळू फिरवलं. ते किती फिरून अडतं ते बघायचं. ही सगळी ढिलाई एका जागची नसते. थोडी क्राऊन-पिनियनच्या दात्यांत, थोडी शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये, थोडी आसाच्या खाचांत, आणि सगळ्यांची बेरीज चाकाशी जाणवते. मागे-पुढे गिअर टाकताना ‘ठक’ होतं ते हेच. म्हणून शाफ्ट एका हाताने धरून दुसऱ्या हाताने क्रॉस हलवायचा आणि वाटा कुणाचा किती ते वेगळं काढायचं. घाईत हे न करता थेट क्राऊन-पिनियन बदलायला लावणारे असतात, आणि मालकाचे हजारो रुपये एका क्रॉसपायी जातात. दात्यांत ढिलाई लागतेच. बहुतेक जुन्या मोटारींत ती मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढी असते. ती शून्यावर आणली तर तेलाला जागा उरत नाही आणि दाते तापून जळतात. लाकडी तुंब्याचं गणित लोखंडातही तेच.

शेवटी डिफरन्शियलमधलं तेल काढलं. शिरोळमध्ये ही पायरी चुकवून चालत नाही. कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला मिळतात, आणि 2005, 2019 आणि 2021 साली या तालुक्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आसाच्या डब्याला हवा खेळायला एक बारीक तोंड असतं. गाडी पाण्यात बुडाली की तिथून पाणी आत शिरतं, आणि बाहेरून धुऊन-पुसून लख्ख केलेल्या गाडीत ते तसंच राहतं. मेस्त्रींनी बोल्ट सोडला. तेल चहासारखं, दुधाळ आणि तांबूस आलं. बोटांत चोळलं तर चकाकणारी भुकटी होती, पापुद्रे नव्हते. दाते शाबूत होते.

दोन दिवसांनी त्यांनी पिनियनचं बेअरिंग उघडून हातात दिलं. बाहेरच्या कड्यावर गंजाचे खड्डे होते, एकसारख्या अंतरावर, रोलर जिथे-जिथे टेकले होते तिथे-तिथे. गाडी एका जागी उभी असतानाच बेअरिंग असं गंजतं. मला गाडी विकणाऱ्याने पुराचा शब्दही काढला नव्हता. “आठ-धा दिवस तरी पाण्यात हुती बघा,” मेस्त्री म्हणाले, आणि ते कडं त्यांनी कापडात गुंडाळून माझ्या हवाली केलं.