हजेरीपटापासून व्हॉट्सॲपपर्यंत

स्नेहमेळाव्याचे निमंत्रण या वेळी बहुतेकांना मोबाईलवर मिळाले. त्यामुळे ‘व्हॉट्सॲप नसते तर आपण भेटलोच नसतो’ असे गटात अनेकांनी लिहिले. माझी सारी नोकरी संगणक विभागात गेली. या माध्यमांचा इतिहास पाहिला की मला वेगळेच वाटते. यंत्र आपल्याला फळा देते. वर्ग भरवायला माणूसच लागतो.

ऑनलाइन समूहांच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक १९७३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील बर्कली येथे झाला. गाण्यांच्या तबकड्या विकणाऱ्या एका दुकानात काही तरुणांनी टेलिटाइप यंत्र ठेवले आणि टेलिफोनच्या तारेने ते सॅन फ्रान्सिस्कोतील मोठ्या संगणकाला जोडले. नाव दिले ‘कम्युनिटी मेमरी’. कोणीही यावे, निरोप टंकावा, इतरांचे निरोप शोधावेत. कोणाला वादक साथीदार हवा असे, कोणाला प्रवासात सोबत. बहुतेकांनी तोवर संगणकाला हातही लावलेला नव्हता, म्हणून यंत्राशेजारी मदतीला एक कार्यकर्ता बसलेला असे. मला या प्रयोगात यंत्राइतकाच तो कार्यकर्ता महत्त्वाचा वाटतो.

योगायोग असा की, त्याच १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा एक गाजलेला लेख प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारले होते, ‘ज्याच्याकडून ही नोकरी कळली, तो तुम्हाला किती वेळा भेटत असे?’ नेहमी भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे सुमारे ५६ आणि क्वचित भेटणारे सुमारे २८ टक्के. कारण सरळ आहे. रोजच्या मित्राला जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दुरून येते. अशा दूरच्या ओळखींत त्याला कॉलेजचे जुने मित्रही आढळले. वर्षानुवर्षे न भेटलेला बाकावरचा सोबती म्हणजे अशीच ओळख.

पुढच्या काळात शाळा-कॉलेजचा पट हाच अनेक जाळ्यांचा पाया ठरला. १९९५ साली अमेरिकेत ‘क्लासमेट्स’ हे संकेतस्थळ सुरू झाले, तेच मुळी जुने वर्गमित्र शोधण्यासाठी. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले. १९९६मध्ये ‘मायबोली’ सुरू झाली आणि देशोदेशीची मराठी माणसे तिथे मराठीत गप्पा मारू लागली. २००४च्या जानेवारीत ऑर्कुट आले, फेब्रुवारीत फेसबुक. फेसबुकचे पहिले सभासद फक्त हार्वर्डचे विद्यार्थी होते. ऑर्कुट ब्राझील आणि भारतात सर्वाधिक रमले. आपल्याकडे शाळाशाळांच्या नावांनी त्यावर समूह निघाले.

पण ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. त्याआधी २००९मध्ये जिओसिटीज बंद झाले होते आणि लोकांनी हौसेने सजवलेली लाखो पाने तिथून गेली. जागा दुसऱ्याची असली की ती कधी रिकामी करावी लागेल, हे आपल्या हाती नसते. टिकतात ती माणसे एकमेकांचे पत्ते स्वतःजवळ ठेवणारी.

आपल्या तुकडीचेच पाहा. गट मोबाईलवर झाला, पण नावे आली ती जुन्या हजेरीपटाच्या प्रतीवरून. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणींचा ठावठिकाणा त्यांच्या माहेरी जाऊन विचारावा लागला. काही जणांकडे आजही साधा फोन आहे; त्यांना निरोप द्यायला समितीतले दोघे एस.टी.ने गावोगाव फिरले. काही नावांपुढे ‘कै.’ लिहावे लागले, तेही याच फेरीत कळले.

म्हणून माझी एक विनंती आहे. या स्मरणिकेसोबत संपूर्ण पटाची एक छापील यादीही ज्याच्या त्याच्या संमतीने पत्ता आणि दूरध्वनीसह तयार करावी. गटात नसलेल्यांची नावे त्यात आधी यावीत. दर पाच वर्षांनी ती ताजी करण्याचे काम आळीपाळीने एकेकाने घ्यावे. पहिली पाळी घ्यायला मी तयार आहे. उद्या व्हॉट्सॲपच्या जागी आणखी काही येईल, तेव्हा सरांनी हाक मारताच ‘हजर’ म्हणणाऱ्यांत आपल्यापैकी कोणी केवळ पत्ता नाही म्हणून गैरहजर राहू नये.