केआयएम-१ मधील स्मृतिदोषाचे निदान

केआयएम-१ हा मॉस टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेला, ६५०२ सूक्ष्मप्रक्रियकावर आधारित सिंगल बोर्ड संगणक आहे. त्याची मुख्य रॅम १ किलोबाइटची (पत्ते ०००० ते ०३एफएफ) असून ती आठ स्थितिक चिपांची बनलेली आहे. प्रत्येक चिप बाइटमधील एकच बिट सांभाळते, त्यामुळे एक चिप निकामी झाली तरी सर्व १०२४ बाइट सदोष होतात.

अंधारा पडदा

मॉनिटर प्रोग्राम आपल्या उपकार्यांचे परतीचे पत्ते ०१०० ते ०१एफएफ या स्टॅकमध्ये ठेवतो. तेथील एक बिट चुकला की नियंत्रण भलतीकडे जाते आणि आरएस कळ दाबूनही सहा अंकी एलईडी पडदा बहुधा उजळत नाही. अशा वेळी ६५३० चिपवर संशय घेण्याची घाई होते. मॉनिटर याच चिपांच्या रॉममध्ये निर्मितीच्या वेळीच कोरलेला असल्याने त्या बदलणे अवघड असते. म्हणून रॅम आधी तपासणे शहाणपणाचे. त्याहीपूर्वी ५ व्होल्टचा पुरवठा प्रत्यक्ष चिपच्या पायांवर मोजावा आणि अ‍ॅप्लिकेशन कनेक्टरची के पिन भूमीला जोडलेली आहे ना, हे पाहावे. ती मोकळी राहिल्यास पत्ता-विसंकेतक बंद राहतो आणि निर्दोष संगणकही मृत भासतो.

बिटचा शोध

पडदा चालू असल्यास संशयित पत्त्यावर ००, एफएफ, ५५ व एए ही मूल्ये लिहून परत वाचतात. ०० च्या जागी ०८ दिसल्यास बिट ३ एकवर अडकलेला असतो. एफएफऐवजी एफ७ आल्यास तोच बिट शून्यावर. ००ईएफ ते ००एफएफ हे पत्ते मॉनिटर स्वतः वापरत असल्यामुळे त्यांना हात लावू नये.

एका ठिकाणी लिहिले असता दुसरीकडचे मूल्य बदलणे हा निराळा दोष होय. ०२०० वर लिहिल्याने ०००० बदलत असेल, तर दोष ए९ या पत्तारेषेशी निगडित असतो. आठही बिट बदलत असल्यास सामायिक तांब्याची रेषा किंवा सांधा तपासावा. एकच बदलत असल्यास त्या बिटची चिप किंवा तिचा सांधा.

संपूर्ण रॅम तपासणारा छोटा प्रोग्राम १७८० ते १७ई६ या १०३ बाइटांत बसवता येतो. ही जागा ६५३० चिपांतील असल्याने प्रोग्राम संशयित स्मृतीत राहत नाही. मात्र त्यात उपकार्ये वापरता येत नाहीत, कारण स्टॅक त्याच संशयित रॅममध्ये असतो.

बदली

२१०२ ही समतुल्य चिप वापरता येते. जुनी चिप सोल्डर केलेली असल्यास आधी तिचे पाय कापून ते एकेक काढतात, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या पाटीवरील तांबे उखडत नाही. नव्या चिपसाठी सॉकेट बसवणे सोयीचे ठरते.