इंग्रजीचा तास, पहिलीचा वर्ग आणि गोंदिया

#थ्रेड

भारतातील इंग्रजी शिक्षणाचा विषय निघाला की चर्चा मेकॉलेपासून सुरू होते आणि बहुधा त्याच्यापाशीच संपते. आज मेकॉलेला विश्रांती देऊ. जो शिक्षक फळ्यासमोर उभा राहतो, त्याला इंग्रजी शिकवायला कोणी आणि कसे शिकवले, याचा हा इतिहास आहे. त्यासाठी महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला जाऊ या.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट आणि पूर्वेस छत्तीसगड आहे. १९५० ते १९६० या एकाच दशकात इथल्या गावांनी जागचे न हलता तीन राज्ये पाहिली: जुने मध्य प्रदेश, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई आणि १९६० पासून महाराष्ट्र. म्हणूनच मुंबई प्रांताने स्वातंत्र्यानंतर इंग्रजी आठवीपर्यंत मागे ढकलली, हा आपल्या पुस्तकांतला आवडता प्रसंग इथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. त्या वेळी गोंदिया मुंबईत नव्हतेच.

इथली दुसरी गोष्ट भाषांची. घरी कोणी पोवारी बोलतो, कोणी झाडीबोली, कोणी हिंदी. सालेकसा, देवरीकडच्या आदिवासी पाड्यांवर गोंडीही बोलली जाते. शाळेतली प्रमाण मराठी अशा मुलाची दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी किंवा चौथी. इंग्रजी अध्यापनाची जी जी पद्धत बाहेरून इथवर आली, तिने मुलाची घरची भाषा एकच आहे असे मनाशी धरलेले असे.

सर्वांत जुनी पद्धत व्याकरण आणि भाषांतर यांची. तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. आधी नियम, मग मराठी वाक्य, मग त्याचे इंग्रजी. या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे, परंतु तिचा एक गुण मान्य करावा लागतो: स्वतः इंग्रजी न बोलणारा शिक्षकही ती प्रामाणिकपणे राबवू शकत असे.

१९५० नंतर वारे बदलले. १९५६ मध्ये अलाहाबादला इंग्रजी अध्यापनाची संस्था निघाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था. तेथून रचनात्मक पद्धती देशभर पसरली. ठरावीक वाक्यरचना घ्यायच्या, त्या सोप्याकडून अवघडाकडे लावायच्या आणि प्रत्यक्ष कृतीतून घोटून घ्यायच्या. शिक्षक दार उघडता उघडता म्हणणार, ‘आय ॲम ओपनिंग द डोअर’, आणि वर्ग ते पुन्हा म्हणणार. मातृभाषेचा वापर शक्यतो टाळायचा.

पण लाखो शिक्षकांपर्यंत हे पोहोचवायचे कसे? १९५० च्या दशकाअखेरीस मद्रास राज्याने एक मोठा प्रयोग केला. मूठभरांना प्रशिक्षण द्यायचे, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी आणखी पुढच्यांना. अशा रीतीने सुमारे २७,००० प्राथमिक शिक्षकांपर्यंत जाण्याची ती योजना होती. उतारावरून घरंगळत मोठ्या होत जाणाऱ्या बर्फाच्या गोळ्याचे नाव तिला मिळाले. माझ्या मते मात्र प्रत्यक्षात याच्या उलट घडते: प्रत्येक पायरीवर थोडे थोडे वितळते. पहिल्या पायरीवरचा प्रशिक्षणार्थी अनेक आठवडे शिकतो, शेवटच्याच्या हाती एक पुस्तिका पडते. पुढे देशभरच्या प्रशिक्षणाचा साचा बहुतांशी हाच राहिला.

आता येतो २००० च्या जून महिन्यावर. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या निर्णयाने महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. विरोध पुष्कळ झाला आणि त्यातला बराचसा मराठीच्या काळजीपोटी होता. समर्थकांचा युक्तिवादही हलका नव्हता: शहरातल्या, पैसेवाल्या घरच्या मुलाला बालवाडीपासून जे मिळते, ते अर्जुनी मोरगावच्या शेतमजुराच्या मुलीला पाचवीपर्यंत का मिळू नये? मी स्वतः या निर्णयानंतरच्या पिढीतला, त्यामुळे मला पूर्ण तटस्थ समजू नका.

या वादात एक माणूस जवळजवळ अदृश्य राहिला. जिल्हा परिषदेच्या शाळेतला पहिलीचा शिक्षक सर्व विषय शिकवतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या त्या पिढीतल्या बहुतेकांची इंग्रजीशी पहिली भेट पाचवीत झाली होती, आणि आता सहा वर्षांच्या मुलांना ती बोलून दाखवायची जबाबदारी त्यांच्यावर आली. बडबडगीते, हावभाव, सूचना ऐकून कृती करणे यांवर नव्या अभ्यासक्रमाचा भर होता. तर्खडकरी शिस्तीचा आधार सुटला होता आणि मोकळेपणाने बोलण्याचा सराव अजून झालेला नव्हता.

पुढच्या प्रयत्नांतला मला महत्त्वाचा वाटतो तो २०१६ मध्ये सुरू झालेला ‘तेजस’ प्रकल्प. राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी तो निवडक जिल्ह्यांत राबवला. त्याचा गाभा होता शिक्षकांचे छोटे गट: जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांनी नियमित भेटायचे, एखादी कृती करून पाहायची, आपल्या वर्गात वापरायची आणि पुढच्या भेटीत काय फसले ते सांगायचे. साठ वर्षांच्या उतरंडीनंतर प्रशिक्षण प्रथमच आडवे झाले.

मुलाच्या घरच्या भाषेचे काय? २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने वर्गातील बहुभाषिकता ही अडचण न मानता साधन मानावी असे सुचवले. ते कसे करायचे, याचे एक साधे उदाहरण पाहा. इंग्रजीत ‘वुई’ एकच, मराठीत मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द. ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटले तर ऐकणारा उपाशी राहतो, ‘आपण जाऊ’ म्हटले तर तोही ताटावर बसतो. हा भेद दार उघडून किंवा पेन उचलून दाखवता येत नाही. पण शिक्षकाने वर्गाला विचारले, ‘तुमच्या घरी दोन्हींना काय म्हणता?’, तर गोंडी बोलणारी मुलगी, पोवारी बोलणारा मुलगा आणि झाडीबोली बोलणारा त्यांचा शेजारी आपापले शब्द सांगतील. ते फळ्यावर एकाखाली एक लिहायचे आणि सर्वांत शेवटी ‘वुई’. यासाठी लागतो एक खडू आणि दहा मिनिटे. आणि त्या दहा मिनिटांत गोंडीतला शब्द बहुधा शिक्षकालाच त्या मुलीकडून शिकावा लागतो.