'अजून पिकू द्या': मोतीबिंदूच्या एका जुन्या सल्ल्याचा इतिहास

मंडळी, आज सुरुवात एका क्रियापदापासून करू. पिकणे. आंबा पिकतो, केस पिकतात, गळू पिकतं आणि मोतीबिंदूही पिकतो. समोर बसलेल्या बऱ्याच जणांनी हे घरात ऐकलं असेल, की 'अजून पिकला नाहीये, पिकू दे, मग बघू.' त्याच्या जोडीला आणखी दोन-तीन वाक्यं असतात. उन्हाळ्यात नको, थंडीत करू. ऑपरेशन झालं की हलायचं नाही. शिंक आली तर डोळा गेलाच म्हणून समजा. डोळ्यांचे डॉक्टर हे ऐकून हसतात, क्वचित वैतागतात. मी इतिहासाचा माणूस. मला ही वाक्यं चलनातून गेलेल्या नाण्यांसारखी दिसतात. आज बाजारात चालत नाहीत, पण कधीकाळी खऱ्या टांकसाळीतून निघालेली आहेत. ती टांकसाळ कुठली, हे आपण बघू.

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असतं. ते गढूळ झालं की मोतीबिंदू. आता आपल्याला हे शाळेत शिकवतात, पण फार मोठा काळ लोकांना वाटत होतं की डोळ्यात वरून काहीतरी द्रव उतरतो आणि गोठतो. अरबी वैद्य त्याला 'पाणी उतरणं' म्हणायचे. त्याचं लॅटिन करताना धबधब्याला असलेला शब्द वापरला गेला, त्यातून इंग्रजीतला 'कॅटरॅक्ट' आला. आपल्याकडे मोती दिसला, त्यांच्याकडे धबधबा.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात यावरची शस्त्रक्रिया दिली आहे. जवाच्या दाण्यासारखं टोक असलेली शलाका डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत घालायची आणि तो पडदा बाजूला सारायचा. डावा डोळा असेल तर उजव्या हातानं, उजवा असेल तर डाव्या हातानं. काळ कुठला निवडायचा? फार उष्णही नाही आणि फार थंडही नाही असा. नंतर रुग्णानं उताणं पडून राहायचं. शिंक, खोकला, ढेकर, थुंकणं, कसलाही हिसका नको. ऐकलंत ना? आजीच्या तोंडचा निम्मा सल्ला इथंच आहे.

यात भिंग डोळ्याबाहेर निघत नाही, हे लक्षात घ्या. ते फक्त मागे, खाली ढकललं जातं आणि उजेडाची वाट मोकळी होते. आता भिंग कच्चं म्हणजे मऊ असेल तर सुई लागताच ते फुटतं, त्याचा गाळ डोळ्यात पसरतो, डोळा सुजतो. घट्ट झालेलं भिंग मात्र सबंध खाली जातं. म्हणून पिकेपर्यंत थांबायचं. हा नियम भिंगाच्या गुणधर्मावरून आलेला आहे, कुणाच्या भीतीवरून नाही.

ही पद्धत जगभर पसरली आणि फार टिकली. तिची गंमत म्हणा किंवा क्रौर्य म्हणा, ते असं की रुग्णाला तिथल्या तिथे दिसायला लागतं. बोटं मोजता येतात, नातवाचा चेहरा दिसतो. दाह होतो, दाब वाढतो, नजर जाते ते पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत, आणि तोवर सुईवाला पुढच्या गावाला गेलेला असतो. मद्रासमध्ये काम केलेले डॉ. रॉबर्ट एलियट यांनी अशा बिघडलेल्या डोळ्यांवर १९१७ मध्ये एक पुस्तकच लिहिलं. युरोपात वेगळं काही घडत नव्हतं. जॉन टेलर नावाचा फिरता इंग्रज नेत्रवैद्य १७५० मध्ये लाइपझिगला आला, त्यानं संगीतकार बाखच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. बाखची दृष्टी परत आली नाही आणि जुलैमध्ये तो वारला.

या सगळ्यात रुग्ण कुठे आहे? इतिहास लिहिला जातो तो हातात सुई असलेल्याच्या बाजूनं. म्हणून मला तंजावरचे कागद महत्त्वाचे वाटतात. तंजावरच्या भोसल्यांपैकी दुसरे सरफोजी राजे, कारकीर्द १७९८ ते १८३२. त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी जपलेल्या आहेत, दुखऱ्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट. राजानं स्वतःच्या हातानं किती केलं आणि दरबारातल्या इंग्रज डॉक्टरांनी किती, यावर अभ्यासक भांडतात. भांडोत. मला त्या चित्रांचं अप्रूप आहे. एकेक माणसाचा एकेक डोळा, नीट बघून काढलेला.

युरोपात अठराव्या शतकाच्या मध्याला जाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यवैद्यानं बुबुळाच्या कडेला छेद घेऊन भिंग सरळ बाहेर काढायला सुरुवात केली. मोठी झेप होती, पण तिची किंमत रुग्णाला मोजावी लागे. छेद जवळजवळ अर्ध्या बुबुळाभोवतीचा, आणि तो शिवायला टाके नाहीत. जखम मिटायची ती फक्त माणूस निपचित पडून राहिला म्हणून. शिंकेनं डोळा जाईल ही म्हण नव्हती, शक्यता होती. आणि हे सगळं भूल न देता. डोळ्यात कोकेनचे थेंब टाकले तर डोळा बधिर होतो, हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनं दाखवलं ते १८८४ मध्ये. हायडलबर्गच्या परिषदेला जायला त्या तरुणाकडे पैसे नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्यानं वाचला! असो.

पडून राहण्याचा छळ एका प्रसिद्ध रुग्णामुळे आपल्याला माहीत आहे. चित्रकार क्लोद मोने. मोतीबिंदूचं निदान १९१२ मध्ये झालं, आणि हा माणूस दहा वर्षं टाळत राहिला. रंगच बिघडले तर, ही भीती. शेवटी मित्र क्लेमाँसो, जो फ्रान्सचा पंतप्रधान होता आणि मुळात डॉक्टर, त्याच्या आग्रहानं १९२३ मध्ये उजव्या डोळ्यावर डॉ. कुतेला यांनी शस्त्रक्रिया केली. मोने पट्ट्या ओढायचा, उठून बसायचा. पुढे जाड चष्मा मिळाला तर म्हणे सगळं वेडंवाकडं दिसतंय, सगळं निळं दिसतंय. ऑपरेशन केल्याचा पश्चात्ताप त्यानं डॉक्टरांनाच पत्रातून कळवला. नंतर रंगीत काचांचे चष्मे करून बघितले, तेव्हा हळूहळू जमलं आणि तो कमळांच्या मोठ्या चित्रांकडे परत वळला.

ते निळं दिसणं खरं असतं बरं का. मोतीबिंदूचं भिंग पिवळट-तपकिरी होतं आणि निळा प्रकाश अडवतं. हे इतकं सावकाश होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. दोन वर्षांपूर्वी माझा एक डोळा झाला आणि दुसरा व्हायचा होता, त्या तीन आठवड्यांत मी दिवसातून दहादा आळीपाळीनं डोळे मिटून भिंत बघायचो. एका डोळ्यानं पांढरी, दुसऱ्यानं चहा सांडून पुसल्यासारखी.

आता आपल्याकडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात जालंधरला मेजर हेन्री स्मिथ हजारोंनी मोतीबिंदू काढत होता, भिंग त्याच्या वेष्टणासकट, सबंध. अमेरिकेतून डॉक्टर शिकायला यायचे. स्मिथचं म्हणणं होतं, की या पद्धतीत पिकण्याची वाट बघायचं कारण नाही. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही! पण ती शस्त्रक्रिया गावोगाव पोचली, आणि हे वाक्य मात्र पोचलं नाही.

माझी आजी, आईची आई, सातारा जिल्ह्यातली. १९६०च्या दशकाच्या अखेरीला तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा आधीचा. सगळ्यांनी मिळून ठरवलं, पिकू दे. तो पिकला, मग फुगला, आणि एका रात्री डोळ्यातला दाब वाढून डोकं फुटेल असं दुखायला लागलं. ओकाऱ्या झाल्या. घरच्यांना वाटलं पित्त. तालुक्याला नेईपर्यंत चार दिवस गेले आणि तो डोळा कायमचा गेला. फार पिकलेल्या मोतीबिंदूनं हे होऊ शकतं, आजही होतं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत, शाळेत भरलेल्या शिबिरात झालं. त्या काळी कर्नाटकातले डॉ. एम. सी. मोदी आणि त्यांच्यासारखे कितीतरी डॉक्टर अशी शिबिरं घेत. थंडीतच का? सुगी उरकलेली, माणसं मोकळी, घाम कमी, धूळ कमी, माश्या कमी. वातानुकूलित खोली नव्हती तेव्हा हा अगदी शहाणपणाचा हिशोब होता. वर्गात सतरंज्यांवर ओळीनं माणसं झोपवलेली, डोळ्यांवर पट्ट्या, प्रत्येकाशेजारी घरचं एकेक माणूस. आजीजवळ आई होती. ती सांगायची, रात्री कुणी खोकलं की अख्खा वर्ग श्वास रोखून धरायचा.

आणि मग तो चष्मा. बाटलीच्या बुडासारखा. भिंग काढलं पण बदली दिलं नाही, तर दहा नंबरचा चष्मा लागतो, आणि त्यातून वस्तू पाव पटीनं मोठ्या दिसतात. उंबरा जवळ वाटतो, बशी जवळ वाटते, चहा बाहेर सांडतो. कडेनं येणारा माणूस दिसतच नाही, मग एकदम पुढ्यात उगवतो. 'सगळं अंगावर येतं गं,' असं आजी म्हणायची. एकदा जत्रेत चष्मा फुटला. नवा येईपर्यंत जवळजवळ महिनाभर ती भिंतीला धरून चालत होती. शिबिराच्या वहीत मात्र तिची नोंद यशस्वी शस्त्रक्रिया अशीच असणार. पुढे देशातल्या सर्वेक्षणांत 'ऑपरेशन झालं पण चष्मा नाही' हे अंधत्वाचं एक वेगळं कारण म्हणून मोजावं लागलं, यावरून काय ते समजा.

यावरचा उपाय तोवर सापडलेला होता, हे जास्त लागतं मनाला. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात लढाऊ विमानांच्या छताचे प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते, आणि डोळ्यानं ते मुकाट सहन केले होते. त्यावरून त्यांना कुठला पदार्थ वापरावा ते कळलं. बड्या डॉक्टरांनी त्यांना जवळजवळ वाळीतच टाकलं. मान्यता मिळायला पंचवीस-तीस वर्षं लागली. पुढे म्हातारपणी रिडलींच्या स्वतःच्या डोळ्यांतही अशीच भिंगं बसवली गेली. भारतात हे भिंग गरिबांपर्यंत पोचलं ते आणखी उशिरा. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाच्या अरोलॅबनं १९९२ पासून ती देशातच स्वस्तात बनवायला घेतली, आणि १९९४ मध्ये सुरू झालेल्या जागतिक बँकेच्या मदतीच्या प्रकल्पात महाराष्ट्रासह सात राज्यं होती. त्यानंतर शाळेतली शिबिरं मागे पडली आणि रुग्णाला रुग्णालयात आणून भिंग बसवण्याकडे कल वळला.

तंत्राचं शेवटचं वळण अमेरिकेतल्या चार्ल्स केलमननं १९६७ मध्ये आणलं. दंतवैद्याकडे दात साफ करणारं कंपनांचं यंत्र बघून त्याला सुचलं, की भिंग आतल्या आत फोडून शोषून घ्यावं. छेद आता दोन-तीन मिलिमीटरचा, बहुधा टाकाही नाही. आणि इथे तो जुना नियम चक्क उलटा झाला. भिंग जितकं पिकून कडक, तितकी फोडायला ताकद जास्त आणि डोळ्याला त्रास जास्त. म्हणजे ज्या कारणासाठी थांबायचं होतं, त्याच कारणासाठी आता थांबायचं नाही. क्रियापद तेवढं राहिलं.

एक चिठ्ठी आली आहे, ती घेतो. लिहिलंय, 'सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, डॉक्टर करा म्हणतात, त्या म्हणतात पावसाळा संपू दे.' हे बघा, साखर किंवा रक्तदाब आटोक्यात नाही म्हणून डॉक्टरांनीच थांबवलं असेल, तर थांबा. नुसत्या ऋतूसाठी नको. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चोळायचा नाही, थेंब वेळेवर घालायचे, हे नियम अजून तसेच आहेत, ते त्यांना पटतील. शिंक आली तर येऊ द्या म्हणावं. आणि तारीख घेऊन टाका. पुढची चिठ्ठी?