२००४ मेजर लीग बेसबॉल हंगामातील सर्वाधिक वॉक

२००४च्या मेजर लीग बेसबॉल हंगामात सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा डावखुरा फलंदाज बॅरी बाँड्स याने २३२ वॉक मिळवले. एका हंगामातील हा विक्रम आहे. यांपैकी १२० वॉक प्रतिस्पर्धी संघांनी जाणूनबुजून दिलेले होते.

संकल्पना

पिचरने टाकलेला चेंडू स्ट्राइक झोनच्या बाहेरून गेला आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही, तर पंच तो 'बॉल' ठरवतात. असे चार बॉल झाल्यास फलंदाज आपोआप पहिल्या बेसवर जातो. यास 'वॉक' म्हणतात. धोकादायक फलंदाजाला फटका मारण्याची संधीच मिळू नये म्हणून दिलेल्या वॉकला 'हेतुपुरस्सर वॉक' म्हणतात. २००४ मध्ये त्यासाठीही चार चेंडू प्रत्यक्ष टाकावे लागत. २०१७ पासून केवळ इशारा पुरेसा असतो. फलंदाजीची सरासरी काढताना वॉक धरला जात नाही, परंतु बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणात तो मोजला जातो.

आघाडीचे फलंदाज

नॅशनल लीग
• बॅरी बाँड्स (सॅन फ्रान्सिस्को जायंट्स) – २३२
• बॉबी अब्रेऊ (फिलाडेल्फिया फिलीज) – १२७
• लान्स बर्कमन (ह्युस्टन ॲस्ट्रोज) – १२७
• टॉड हेल्टन (कॉलोराडो रॉकीज) – १२७
• जे.डी. ड्रू (अटलांटा ब्रेव्ह्ज) – ११८

अमेरिकन लीगमध्ये ओकलंड ॲथलेटिक्सचा एरिक चावेझ ९५ वॉकसह पहिला होता. तो या हंगामात १२५ सामने खेळला. बाँड्सला मिळालेले केवळ हेतुपुरस्सर वॉकच चावेझच्या एकूण वॉकपेक्षा अधिक होते.

बाँड्सचा हंगाम

बाँड्स १४७ सामन्यांत ६१७ वेळा फलंदाजीस आला. त्यांपैकी ३७ टक्क्यांहून अधिक वेळा त्याला वॉक मिळाला. सरासरीसाठी धरल्या जाणाऱ्या ३७३ संधींत त्याने १३५ हिट व ४५ होमरन मारले. ०.३६२ सरासरीसह तो नॅशनल लीगमध्ये प्रथम आला. बेसवर पोहोचण्याचे त्याचे प्रमाण ०.६०९ होते, जे २००२ मधील त्याच्या स्वतःच्याच ०.५८२ पेक्षा अधिक होते. तो केवळ ४१ वेळा स्ट्राइकआउट झाला. ४ जुलै रोजी त्याने रिकी हेंडरसनचा कारकिर्दीतील २,१९० वॉकचा विक्रम मागे टाकला. त्याच महिन्यात त्याने वयाची ४० वर्षे पूर्ण केली. हंगामाअखेर त्याला सलग चौथ्यांदा लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला.

पूर्वीचे विक्रम

बेब रूथचा १७० वॉकचा विक्रम १९२३ पासून अबाधित होता. बाँड्सने तो २००१ मध्ये १७७ वॉकसह मोडला, २००२ मध्ये १९८ पर्यंत नेला आणि २००४ मध्ये त्यात आणखी ३४ वॉकची भर घातली. हेतुपुरस्सर वॉकचा विली मॅककोव्हीचा १९६९ मधील ४५चा विक्रम बाँड्सने २००२ मध्ये ६८ वॉकसह मागे टाकला होता.

परिणाम

वॉक दिल्याने होमरन टळतो, परंतु प्रतिस्पर्ध्याला बाद न होता एक धावपटू मिळतो. बाँड्सने या हंगामात १२९ धावा केल्या. स्वतःचे ४५ होमरन वगळता उर्वरित ८४ वेळा तो अन्य खेळाडूंच्या फलंदाजीत धाव पूर्ण करू शकला. तरीही जायंट्सला पुढील फेरी गाठता आली नाही. ९१ विजय मिळवलेला हा संघ आपल्या विभागात लॉस एंजेलस डॉजर्सच्या दोन सामने मागे राहिला, तर वाइल्ड कार्डची जागा ९२ विजयांच्या ह्युस्टनने एका सामन्याच्या फरकाने मिळवली.

वारसा

बाँड्सची कारकीर्द २००७ मध्ये २,५५८ वॉकवर संपली. त्यांत ६८८ हेतुपुरस्सर होते. उत्तेजक द्रव्यांच्या वादामुळे त्याच्या विक्रमांविषयी मतभेद आहेत. २०१३ ते २०२२ या काळातील दहा मतदानांत बेसबॉल लेखकांनी त्याला हॉल ऑफ फेममध्ये निवडले नाही.